आदेश हाती आहे, पण तो पाळला जात नाही

वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला. त्याखाली न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळवणाऱ्या अनेक स्त्रियांची पत्रे या सदराकडे येतात. या वेळी निवडलेली पत्रे आदेश मिळाल्यानंतरच्या काळातील आहेत. आदेशाची प्रत कपाटात आहे, परंतु ज्याच्याविरुद्ध तो दिला गेला तो माणूस त्याला जुमानत नाही, अशी ही परिस्थिती आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात माहेरी राहते आणि तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करते. चार महिन्यांपूर्वी न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन पतीला मारहाण व शिवीगाळ करण्यास, माहेरच्या घरी व नोकरीच्या ठिकाणी प्रवेश करण्यास आणि माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क साधण्यास मनाई केली. सुरुवातीचे काही दिवस शांततेत गेले. आता नवनव्या क्रमांकांवरून संदेश येतात, दीर घरी येऊन ‘केस काढून घे’ असे बजावून जातात आणि पती संध्याकाळी पतसंस्थेसमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसतो. मागच्या आठवड्यात त्याने भर रस्त्यात माझा हात धरून ओढले. पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, कोर्टात चालू आहे ना, तिथेच सांगा’ असे म्हणून एनसी लिहून घेतली. आता मी कोणाकडे जावे?

उत्तर : आपण केलेली तक्रार एनसी म्हणून, म्हणजे अदखलपात्र म्हणून नोंदवणे कायद्याला धरून नाही. संरक्षण आदेशाचा किंवा अंतरिम संरक्षण आदेशाचा भंग हा या कायद्याच्या कलम ३१ नुसार स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ३२ हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीवाचून पोलिसांनी नोंदवून तपासायचा, आणि अजामीनपात्र ठरवते. ‘कोर्टात चालू आहे ना’ हे उत्तरही चुकीचे आहे. न्यायालयात चालू आहे तो आपला संरक्षणासाठीचा अर्ज. आदेशानंतर आपला हात धरला गेला, ती घटना त्या अर्जाचा पुढचा भाग नाही. तिला स्वतःची तारीख, वेळ आणि ठिकाण आहे, आणि तिची फिर्याद घेणे हे पोलिसांचेच काम आहे.

पुन्हा पोलीस ठाण्यात जाताना तोंडी सांगण्यावर विसंबू नका. एका कागदावर स्वच्छ अक्षरात तक्रार लिहा. न्यायालयाचे नाव, अर्जाचा क्रमांक, आदेशाची तारीख, आदेशातील कोणत्या मुद्द्याचा भंग झाला, तो केव्हा, कुठे आणि कोणासमोर झाला, एवढे त्यात असावे आणि शेवटी ‘कलम ३१ अन्वये गुन्हा नोंदवावा’ अशी स्पष्ट विनंती असावी. सोबत आदेशाची प्रत जोडा आणि आपल्याजवळच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. गुन्हा नोंदला गेला, तर एफआयआरची प्रत विनामूल्य मिळणे हा आपला हक्क आहे. ठाणे अंमलदारांनी नकार दिला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी आणि तेथेही काही झाले नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. दखलपात्र गुन्हा उघड होत असेल, तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात ठरवून दिले आहे. वैवाहिक वादांत प्राथमिक चौकशीची मुभा त्या निकालात आहे आणि पोलीस तिच्याकडे बोट दाखवतील. परंतु ती चौकशी दखलपात्र गुन्हा उघड होतो की नाही एवढ्यापुरतीच आहे, आणि न्यायालयाचा आदेश व त्याच्या भंगाची लेखी हकिकत दोन्ही समोर असताना तेवढे ठरवण्यासाठी आठवडे लागण्याचे कारण नाही.

पोलीस ठाणे हा एकच दरवाजा नाही, हे मात्र फार थोड्या स्त्रियांना सांगितले जाते. कायद्याखालील २००६ च्या नियमांतील नियम १५ प्रमाणे आपण भंगाची तक्रार लेखी व सहीनिशी संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे, देऊ शकता. ती आदेशाच्या प्रतीसह संबंधित न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे हे त्यांचे कर्तव्य आहे. आपण मदत मागितली, तर पोलिसांना घेऊन आपली सुटका करणे आणि फिर्याद देण्यास साहाय्य करणे, हेही त्यांनी करायचे आहे. त्याच नियमाने आपण थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाऊ शकता. आपल्या बाबतीत मी तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी कागद देण्याचा सल्ला देईन, कारण ‘आमच्याकडे काही आलेच नाही’ असे म्हणायला मग कोणालाही जागा राहत नाही.

आता टपरीचा प्रश्न. आदेशात ‘नोकरीच्या ठिकाणी प्रवेश करू नये’ एवढेच असेल, तर रस्त्यापलीकडे बसणे हा प्रवेश नव्हे, असा युक्तिवाद पतीचे वकील नक्की करतील आणि तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. म्हणून आदेश शब्दशः वाचा. परिस्थिती बदलली, तर आदेशात फेरबदल करण्याचा अधिकार कलम २५(२) न्यायदंडाधिकाऱ्यांना देते. त्याचा आधार घेऊन घर, पतसंस्था आणि जाण्यायेण्याचा रस्ता यांच्यापासून ठरावीक अंतर राखण्याची अट घालून घ्या. कलम १८ मध्ये न्यायालयाला ‘आदेशात नमूद केलेले अन्य कोणतेही कृत्य’ मना करण्याची मुभा आहे, तेव्हा अशी अट घालण्यास कायद्याची आडकाठी नाही. स्त्रीची इच्छा नसताना वारंवार पाठलाग करणे, संपर्क साधत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालीही गुन्हा आहे, त्याचा उल्लेख तक्रारीत करावा. संदेशांबाबत आणि हात धरण्याबाबत असा काही शाब्दिक खल संभवत नाही. ते उघड भंग आहेत.

दिरांची भेट दोन प्रकारे पाहावी लागेल. तेही मूळ अर्जात गैरअर्जदार असतील आणि आदेश त्यांनाही लागू असेल, तर त्यांच्याविरुद्ध वेगळी तक्रार होते. ते गैरअर्जदार नसतील, तर ती भेट पतीने दुसऱ्यामार्फत संपर्क साधल्याचा पुरावा म्हणून मांडावी, कारण कलम १८ मधील संपर्कबंदी ‘कोणत्याही प्रकारे’ संपर्क साधण्याच्या प्रयत्नाला लागू होईल अशा व्यापक शब्दांत लिहिलेली आहे.

एक गोष्ट आजच तपासा : पतीला आदेश बजावला गेल्याचा अहवाल न्यायालयाच्या कागदांत आहे का? ‘मला आदेश माहीतच नव्हता’ हा बचाव बहुतेक वेळा येथूनच उभा राहतो. आदेशाची प्रत हद्दीतील पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांनाही विनामूल्य देण्यास कलम २४ सांगते. ती तेथे पोहोचली आहे का, हे ठाण्यात विचारा आणि पोहोचली नसेल तर स्वतः देऊन पोच घ्या.

पुराव्याबाबत दोन टोकांच्या समजुती दिसतात. काही स्त्रिया घृणा वाटून संदेश पुसून टाकतात, तर काही जणी साक्षीदार नाही म्हणून तक्रारच करत नाहीत. दोन्ही टाळा. संदेश मूळ मोबाइलमध्येच राहू द्या, तो मोबाइल विकू किंवा बदलू नका आणि स्क्रीनशॉट वेगळे जपून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते, ते आपले वकील तयार करतील. पतसंस्थेच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते राखून ठेवावे, असे व्यवस्थापकांना आजच लेखी कळवा. आणि यातले काहीच जमले नाही, तरी खचू नका. केवळ पीडित स्त्रीच्या एकटीच्या साक्षीवरूनही न्यायालय गुन्हा घडल्याचा निष्कर्ष काढू शकते, असे कलम ३२(२) मध्ये स्पष्ट लिहिले आहे. चार भिंतींआड साक्षीदार नसतात, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

गुन्हा नोंदला म्हणजे त्याच रात्री पतीला अटक होईल, असे धरून चालू नका. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितल्यापासून पोलीस अनेकदा केवळ हजर राहण्याची नोटीस देतात. अजामीनपात्र याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही, तर तो न्यायालयाने ठरवायचा असतो. अटक झालेल्या आरोपीला जामीन देताना न्यायालयाने कोणत्या अटी घालाव्यात, याची यादी नियम १५ मध्येच आहे : फोन अथवा अन्य संपर्क न करणे, आपण राहता व जाता त्या ठिकाणांपासून दूर राहणे, शस्त्र न बाळगणे, मद्यपान न करणे. या अटी सरकारी वकिलांच्या कानावर घालण्याची जबाबदारी आपल्या बाजूने कोणीतरी घ्यायला हवी. तक्रारीनंतरचे दिवस अनेकदा सर्वांत धोक्याचे असतात. त्या काळात एकट्याने येजा टाळा, पतसंस्थेतील सहकाऱ्यांना आणि शेजाऱ्यांना कल्पना देऊन ठेवा, आणि प्रत्यक्ष धोका दिसताच ११२ क्रमांकावर फोन करा. महिला हेल्पलाइन १८१ आहे. वकिलाचा खर्च हा अडसर मानू नका. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

पहिल्या संदेशाच्या वेळीच तक्रार करायला हवी होती का, असे आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. करता आली असती तर बरे झाले असते. पण उशीर झाला म्हणून आपला हक्क गेलेला नाही, आणि मधल्या काळातील प्रत्येक घटना तारखेसह आताच्या तक्रारीत लिहिता येते.

प्रश्न : माझ्या मुलीच्या बाजूने संरक्षण आदेश झाला आहे. मध्यंतरी नातवाला रात्री खूप ताप आला, तेव्हा तिनेच घाबरून जावयांना फोन केला. ते आले, दवाखान्यात नेले, पण परत आल्यावर दारातच तिला मारले. आता त्यांचे वकील म्हणतात की, मुलीने स्वतः बोलावल्यामुळे आदेश संपला. हे खरे आहे का? — एक वडील, कोल्हापूर

उत्तर : हे खरे नाही. कलम २५(१) प्रमाणे संरक्षण आदेश पीडित स्त्री स्वतः तो रद्द करण्यासाठी अर्ज करेपर्यंत अमलात राहतो. एका फोनने तो विरघळून जात नाही. आदेश आपल्या जावयांना उद्देशून आहे आणि तो पाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. ते आपल्या मुलीच्या बोलावण्यावरून आले, एवढ्यापुरता प्रश्न न्यायालय कदाचित सौम्यपणे पाहील. परंतु बोलावणे म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे, आणि मारहाणीची मनाई त्या रात्रीही तशीच लागू होती.

तक्रारीत मुलीने फोन केल्याची गोष्ट लपवू नका. दुसरी बाजू ती कॉल रेकॉर्ड दाखवून सिद्ध करेल आणि मग खऱ्या मारहाणीविषयीही शंका घेतली जाईल. ताप किती होता, कोणत्या दवाखान्यात नेले, तेथील कागद, हे सर्व सुरुवातीलाच मांडले की, आईने तो फोन का केला हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मारहाणीनंतर सरकारी रुग्णालयात तपासणी झाली नसेल, तर ती लगेच करून घ्या. यापुढे मुलाच्या आजारपणासारख्या प्रसंगी वडिलांना कोणी कळवायचे, कोठे भेट व्हायची, हे न्यायालयाकडून लिहून घेता येते. ते आजोबा या नात्याने आपणच कळवावे, अशी सूचना वकिलांमार्फत मांडून पाहा. आणि कृपया मुलीला त्या फोनबद्दल दोष देऊ नका. आपल्या पत्रातून थोडी नाराजी जाणवली, म्हणून हे लिहिले.

प्रश्न : न्यायालयाने दरमहा पोटगीचा आदेश केला होता. दीड वर्षात पतीने दोनच हप्ते दिले. हाही आदेशाचा भंगच आहे ना? मग कलम ३१ खाली पोलिसांत जावे का? — वाचक, नाशिक

उत्तर : येथे सावध राहावे लागेल. कलम ३१ मधील शिक्षा संरक्षण आदेशाच्या भंगासाठी आहे आणि पोटगीचा आदेश कलम २० खाली होतो. न दिलेल्या पोटगीसाठी कलम ३१ वापरता येत नाही, असा निर्णय अनेक न्यायालयांनी दिलेला आहे. त्या वाटेने जाऊन वर्ष वाया घालवण्यापेक्षा सरळ वसुलीचा अर्ज करा. नियम ६(५) प्रमाणे हे आदेश जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १२५ च्या, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४४ च्या पद्धतीने अमलात आणले जातात. रक्कम वसुलीसाठी वॉरंट निघू शकते आणि त्यानंतरही पैसे न दिल्यास कारावास होऊ शकतो.

परंतु या पद्धतीने वॉरंट मिळवायचे, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आपली दीड वर्षाची थकबाकी आहे, म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांबाबत मुदतीची अडचण येईल. त्या रकमेसाठी वेगळा मार्ग आहे का, हे वकील सांगतील, पण या महिन्यात अर्ज केला नाही, तर आणखी एका महिन्याची रक्कम त्याच अडचणीत सापडेल. पती पगारदार असेल, तर कलम २०(६) प्रमाणे पगारातून रक्कम कापून ती आपल्याला द्यावी किंवा न्यायालयात भरावी, असा आदेश मालकाला देण्याची मागणी त्याच अर्जात करा. प्रत्यक्षात पैसे हाती पडण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग हाच आहे.

प्रश्न : आदेश पुण्याच्या न्यायालयाचा आहे. मी आता बहिणीकडे बेळगावला राहते. पती येथे येऊन धमकावून गेला. येथील पोलीस म्हणतात, आदेश महाराष्ट्रातला, तिकडेच तक्रार करा.

उत्तर : कलम २७(३) प्रमाणे या कायद्याखालील आदेश संपूर्ण भारतात अंमलबजावणीयोग्य आहे. धमकी बेळगावात दिली गेली, म्हणजे भंगही तेथेच घडला आणि हद्दही तेथील ठाण्याचीच आहे. हद्दीचा वाद असता, तरीही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. आदेशाची प्रमाणित नक्कल सोबत ठेवा. आदेश मराठीत असेल, तर त्याचे इंग्रजी किंवा कन्नड भाषांतर जोडलेले बरे. पुण्याच्या न्यायालयालाही घटना कळवा, कारण कलम ३१(२) प्रमाणे खटला शक्यतो आदेश देणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेच चालतो.

प्रश्न : माझे वय ६८ वर्षे आहे. मुलगा दारू पिऊन मारत असे, म्हणून न्यायालयाने त्याला घराबाहेर राहण्याचा आदेश दिला. तो रात्री कुलूप तोडून परत आला आणि आता येथेच राहतो. त्याने तुरुंगात जावे असे मला वाटत नाही. पण भीती वाटते. — एक आई, अमरावती

उत्तर : आपले पत्र मी अनेकदा वाचले. भीती आणि माया एकाच घरात राहत असल्या, तरी आधी भीतीचा बंदोबस्त करायला हवा, असे मला मनापासून वाटते.

घराबाहेर राहण्याचा आदेश सहसा कलम १९ खालील निवास आदेश असतो. त्याच्या भंगाला कलम ३१ थेट लागू होते की नाही, यावर वकील वाद घालू शकतात. आपल्या कागदांत कलम १८ खालील मारहाणीची मनाईही आहे का, ते पाहून घ्या. शिवाय आदेशाच्या अंमलबजावणीला गैरअर्जदाराने केलेला विरोध हा संरक्षण आदेशाचा भंग मानावा, असे नियम १५(७) सांगतो, आणि कुलूप तोडून घरात शिरणे तर स्वतंत्र गुन्हाही आहे.

तुरुंगाशिवायही काही करता येते. कलम १९(३) प्रमाणे न्यायालय मुलाकडून हिंसाचार न करण्याचे बंधपत्र लिहून घेऊ शकते. कलम १९(५) आणि १९(७) प्रमाणे जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना आपल्याला संरक्षण देण्याचा आणि आदेश अमलात आणण्यास मदत करण्याचा हुकूम देता येतो, म्हणजे पोलीस येऊन मुलाला घराबाहेर काढतील. संरक्षण अधिकाऱ्यांना भेटून हा अर्ज करण्यापासून सुरुवात करा. प्रकृतीमुळे जाणे शक्य नसेल, तर १८१ वर फोन करून मदत मागा. एक गोष्ट मात्र आधीच समजून घ्या : एफआयआर नोंदला गेल्यावर तो पुढे चालवायचा की नाही, हे केवळ आपल्या इच्छेवर राहत नाही. आणि आज रात्री त्याने हात उगारला, तर मायेचा विचार न करता ११२ वर फोन करा.

प्रश्न : शेजारच्या ताईंना असा आदेश मिळालेला आहे, हे आम्हाला माहीत आहे. तरी त्यांचा नवरा येऊन दार वाजवतो, आरडाओरडा करतो. आम्ही मध्ये पडलो, तर आमच्यावरच काही येईल का? — वाचक, डोंबिवली

उत्तर : हिंसाचार घडत आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यांना कळवू शकते आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे कलम ४ मध्ये म्हटले आहे. पीडित स्त्रीला मदत करणाऱ्या व्यक्तीला त्रास देण्याचीही मनाई कलम १८ खालील आदेशात करता येते. ताईंच्या आदेशात ती आहे का, हे त्यांना विचारा. नसेल तर ती मागून घेता येईल. दार वाजू लागले की स्वतः त्या माणसाशी झटापट करू नका. ११२ ला फोन करून ‘या पत्त्यावर संरक्षण आदेशाचा भंग होत आहे’ असे त्याच शब्दांत सांगा आणि तारीख व वेळ वहीत टिपून ठेवा. ताईंनी साक्षीसाठी विचारले, तर नाही म्हणू नका.